एका शनिवारचे दोन सामने

"यंदाचं वेळापत्रक मी असं बसवलंय की मुंगी शिरायला फट नाही!"

सरांनी कप टेबलावर असा ठेवला, जणू चहा पिऊन नव्हे, अंतिम सामना जिंकून आले होते.

लेकीनं पुस्तकातून मान वर केली. "मुंगीचं राहू द्या बाबा. पोरांना श्वास घ्यायला फट ठेवलीय ना?"

"श्वास काय, धावता धावताही घेता येतो!"

सर कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. हा संघ गेली कित्येक वर्षं इतक्या निष्ठेनं हरत होता की, यांच्याशी सामना असला की समोरचे खेळाडू घरच्यांना सोबत घेऊन येत. आपण जिंकताना त्यांनी बघावं म्हणून! पोरं एकूण चौदा. त्यातला एक 'जावई'. मैदानात एका जागी उभं राहायचं आणि कोणीतरी बॉल आणून पायाशी ठेवेल याची वाट बघायची, हा त्याचा खेळ. दुसरा 'वकील'. बॉलमागे तो कधी धावला नाही, पण रेफ्रीची शिट्टी वाजली की उलटतपासणीला असा पळत सुटायचा की बघत राहावं.

हरण्याचं कोणाला फारसं वाटत नव्हतं. भानगड होती हजेरीची. मागच्या महिन्यात एका सामन्याला संघ पोचलाच नव्हता. अर्धीअधिक पोरं रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अडकली होती आणि उरलेली त्यांची वाट बघत फाटकात उभी होती. त्यानंतर प्राचार्य मॅडमनी सरांना बोलावून घेतलं.

"जिंका असं मी म्हणत नाही सर. तेवढी आशा मलाही नाही. पण हजर तरी राहा! आणखी एक गैरहजेरी लागली की संघ बंद. मैदानावर गाड्या लावायची सोय करून टाकते."

सरांची अख्खी नोकरी त्या मैदानात गेली होती. तिथं गोलपोस्टच्या जागी स्कूटरी उभ्या राहणार, हे त्यांना बघवणारं नव्हतं. म्हणून हे मुंगीबंद वेळापत्रक.

पण हंगामही काही साधा नव्हता. परीक्षेच्या आत सगळे सामने उरकायचे, म्हणून आठवड्याला दोन. एक शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे ट्यूटोरियल आणि मुरगळलेले पाय. सगळ्याच कॉलेजांची हीच रड. त्यामुळे संध्याकाळ झाली की सरांच्या घरचा फोन खणखणू लागे. "सर, आमच्या पोरांची परीक्षा आहे हो, सामना जरा पुढे घेता?" "सर, आमच्या मैदानावर स्नेहसंमेलनाचा मांडव पडलाय, जरा अलीकडे येता?"

आणि सरांना 'नाही' म्हणता येत नसे. अगदी जन्मजात! घरात 'नाही' म्हणण्याचं खातं त्यांच्या पत्नीकडे होतं. फोन त्याच उचलायच्या आणि "नाही हो, त्या दिवशी जमायचं नाही" हे इतक्या गोड आवाजात सांगायच्या की पलीकडचा माणूस आभार मानून फोन ठेवायचा. गेल्या वर्षी त्या गेल्या. ते खातं रिकामं पडलं, आणि ते कोणी सांभाळायचं हे बापलेकीत ठरलंच नाही.

तर शनिवारी सकाळी फोन वाजला. कृषी कॉलेजचे सर होते. "आज चारला तुमच्या मैदानावर येतोय. फक्कीच्या रेघा मारून ठेवा!"

"हो हो, या ना!"

फोन ठेवला, तर पुन्हा वाजला. इंजिनिअरिंगचे सर. "आज चारला आमच्याकडे येताय ना? रेफ्रीला सांगून ठेवलंय."

"हो हो, निघालोच!"

लेक हातात टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिनं दोन्ही बोलणी ऐकली.

"बाबा, आत्ता तुम्ही नक्की कोणाला काय सांगितलंत?"

सरांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हळूच खुर्चीत बसले.

"दोन्ही लीगचेच सामने?"

"दोन्ही."

"म्हणजे एकीकडे गेलात, तर दुसरीकडे गैरहजेरी."

"आणि मैदानावर गाड्या," सर म्हणाले.

"अहो मग उचला फोन आणि कोणाला तरी एकाला सांगा की जमत नाही! उचला, उचला!"

सरांनी छाती भरून घेतली आणि कृषीला फोन लावला. लेक समोर कमरेवर हात ठेवून उभी. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. सर मान हलवत राहिले. "अरे वा... असं होय... नाही नाही, त्यात काय एवढं..." फोन ठेवला.

"सांगितलंत?"

"अगं, त्यांनी माझेच आभार मानले. तारीख बदलून दिली म्हणून त्यांचा संघ वाचला म्हणे. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या."

"फोनवर दिसलं तुम्हाला?"

"आवाजात होतं गं!"

लेक कपाळाला हात लावून समोर बसली. ती वाचनालयात नोकरी करायची. जगातल्या सगळ्या विषयांवरची पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती, एक फुटबॉल सोडून. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सामना सुरू करायला कमीत कमी किती खेळाडू लागतात?"

"सात."

"आणि आपल्याकडे आहेत किती?"

"चौदा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली, ती दोघांनाही रेफ्रीची वाटली.

"नाही बाबा," लेक म्हणाली.

"मी काही बोललोच नाही!" सर म्हणाले आणि बूट शोधायला उठले.

दुपारी मैदानावर वाटण्या झाल्या. बदली खेळाडू कुठेच नव्हता. सातातला एक जरी कमी झाला तरी सामना थांबणार आणि गैरहजेरी लागणार. जावई सरांच्या वाट्याला आला. वकील लेकीच्या. "मला यातलं काही कळत नाही," असं लेकीनं तीनदा सांगितलं. "सोपं आहे," सर तिच्या गळ्यात शिट्टी अडकवत म्हणाले, "कोणी पडलं की पाणी द्यायचं, कोणी भांडलं की गप्प करायचं. वाचनालयात करतेसच की!"

"वाचनालयात कोणी पडत नाही हो!"

पण सर रिक्षात बसले होते.

इंजिनिअरिंगच्या मैदानावर सात पोरं उतरली तेव्हा समोरच्या प्रशिक्षकांना वाटलं, बाकीची मागच्या रिक्षात आहेत. सामना सुरू झाला. पहिला गोल झाला तेव्हा सर चष्मा पुसत होते. दुसरा झाला तेव्हा तो डोळ्यांवर चढवत होते. त्यांना दिसलेला पहिला गोल तिसरा होता. इतक्यात खिशातला मोबाइल थरथरला.

"बाबा, इथे पाच झाले."

"आपले?"

"आपले निळे की पिवळे?"

"पिवळे गं!"

"मग त्यांचे."

"वकील काय करतोय?"

"रेफ्रीला नियम समजावून सांगतोय. रेफ्रीनं खिशात हात घातलाय. काहीतरी लाल आहे."

सरांनी मोबाइल कानाशी घट्ट धरला. लाल कार्ड म्हणजे सहा! "थांबव त्याला! काहीही कर!"

फोन चालूच होता. त्यातून सरांना धावत्या चपलांचा आवाज आला, आणि मग एकच लांबलचक "श्शऽऽऽऽ!" वाचनालयात पेपर फडफडवणारी म्हातारी माणसंसुद्धा ज्या आवाजाला दचकायची, तोच तो. मैदान चिडीचूप झालं. वकील गप्प झाला. प्रेक्षक गप्प झाले. कृषीचे सर ओरडता ओरडता थांबले.

"बाबा," लेक कुजबुजली, "रेफ्रीनं कार्ड परत खिशात ठेवलं. आणि सॉरी म्हणाला."

सर सुटकेचा श्वास सोडणार, तोच इकडे जावई खाली बसला. पाय धरून.

"सर, मुरगळला!"

"कसा मुरगळला? तू हललास कधी?"

"हलायला गेलो, म्हणूनच तर!"

सर कळवळले. पोराचा घोटा खरंच सुजला होता, आणि बाहेर काढलं की उरणार सहा. ते गुडघ्यावर बसले. "बाबा रे, धावू नकोस. चालूही नकोस. तू आजवर जे करत आलास तेच कर. फक्त उभा राहा."

"कुठे राहू?"

"जिथे कोणी तुला धक्का देणार नाही, तिथे."

पोरानं विचार केला. सगळा खेळ यांच्याच गोलसमोर चालला होता. म्हणजे निवांत जागा एकच, समोरच्यांचा गोल! तो लंगडत तिथे गेला आणि त्यांच्या गोलकीपरशी गप्पा मारत उभा राहिला.

मोबाइल पुन्हा थरथरला. "बाबा, प्राचार्य मॅडम आल्यात."

"कुठे?"

"माझ्या शेजारी उभ्या आहेत. विचारतायत, बाकीचा संघ कुठे."

"मग तू काय सांगितलंस?"

"जे आहे ते. मला दुसरं काही सुचलं नाही."

सरांच्या डोळ्यांसमोर स्कूटरींची रांग उभी राहिली. संपलं! आता ओरडण्यात तरी काय अर्थ होता? ते नुसते समोर बघत राहिले, आणि म्हणूनच पुढचं सगळं त्यांना नीट दिसलं. बॉल घरंगळत गोलकीपरकडे गेला. त्यानं गप्पांच्या नादात लाथ मारली. बॉल थेट जावयाच्या पाठीवर आदळला, उलटा फिरला, आणि ज्या गोलात या हंगामात तर सोडाच, पण स्वप्नातही या पोरांपैकी कोणी बॉल घातला नव्हता, त्या गोलात शांतपणे जाऊन बसला.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग सहा पिवळे शर्ट किंचाळत धावले आणि सातव्याच्या अंगावर कोसळले. जावई खालून ओरडत होता, "पाय! अरे माझा पाय!" पण हसतही होता. फलकावर अकरा विरुद्ध एक होतं. सर टाळ्या पिटत उड्या मारत होते, आणि इंजिनिअरिंगचे सर त्यांच्याकडे असे बघत होते की जिंकलं नक्की कोण!

सरांनी फोन काढला. आनंदाच्या भरात बोट घरच्या नंबरावर गेलं. पलीकडे घंटी वाजत राहिली. दोनचारदा वाजल्यावर त्यांनी हळूच तो बंद केला आणि लेकीचा लावला.

"गोल!" ते ओरडले. "गोल झाला! जावयानं केला!"

त्यांचा आवाज मोबाइलला न जुमानता सगळ्या मैदानावर पोचला असावा, कारण पलीकडून मॅडमचा आवाज आला, "अय्या! तुझं लग्न कधी झालं गं?"

दोन्हीकडे शेवटची शिट्टी वाजली तेव्हा दोन्ही मैदानांवर सात-सात पोरं उभी होती. काही एकमेकांच्या आधारानं, पण उभी!

सोमवारी सर प्राचार्यांच्या खोलीत गेले, ते चेहऱ्यावर राजीनामा घेऊनच.

"सर," मॅडम म्हणाल्या, "बाकीच्या कॉलेजांना एक संघ उभा करता येत नाही. तुम्ही एका वेळी दोन केलेत! संचालक मंडळ इतकं खूश आहे म्हणून सांगू! गाड्यांचा बेत रद्द. मैदान तुमचंच."

सरांच्या चेहऱ्यावरचा राजीनामा उतरला.

"आणि बरं का, पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या लीगमध्येही आपलं नाव घातलंय. अ संघ आणि ब संघ. ब संघाला प्रशिक्षक कोण, हा प्रश्नच नाही. शनिवारी फाटकातून शिरतानाच ऐकलं मी; एका शब्दात अख्खं मैदान गप्प करणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती! तुम्ही विचारून घ्याल ना तिला?"

"हो हो," सर म्हणाले. "तिचा होकार आहेच!"

संध्याकाळी लेक कामावरून आली. भांडी घासून पालथी घातलेली, कपड्यांच्या घड्या झालेल्या, आणि तिच्या उशाशी पडलेली पुस्तकं आकारानुसार लावून ठेवलेली. सर कट्ट्याशी उभे राहून भाजी चिरत होते. आयुष्यात पहिल्यांदाच!

ती पिशवी खांद्यावरून न काढता दारातच थांबली.

"बाबा, काय केलंत?"

"मी? कुठे काय?" सरांनी मान वर केली नाही. "अगं, तुझा शनिवार तसा मोकळाच असतो, नाही का?"