पोल्दीची झोपमोड

ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये येऊन दुआर्तला दोन महिने झाले होते आणि त्याचा सगळा कारभार एका शब्दावर चालला होता. पोर्तुगालहून निघताना मावसभावाने त्याला गुरुमंत्र दिला होता, "समोरचा बोलायचा थांबला की 'गेनाउ' म्हणायचं. म्हणजे अगदी बरोबर. आपलं बरोबर आहे, एवढंच त्या लोकांना ऐकायचं असतं." मंत्र लागू पडला. त्या एका शब्दावर दुआर्तने खोली मिळवली, ग्रंथालयाचं कार्ड काढलं आणि जलशास्त्राच्या प्राध्यापकांकडून 'समजूतदार मुलगा' असं प्रशस्तिपत्रही मिळवलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी जिन्यात त्याला खालच्या मजल्यावरचे कोग्लर आजोबा भेटले. वय पंचाहत्तर, गुडघे त्याहून जुने. आजोबा तिथल्या अस्सल गावरान बोलीत बोलत, आणि तेही तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे. पाच मिनिटं ते बोलले, मध्येच गुडघ्याकडे आणि मग छताकडे बोट दाखवलं, आणि थांबले.

"गेनाउ," दुआर्त म्हणाला.

आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला. दुआर्तने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

संध्याकाळी आजोबा एक लाकडी पेटी घेऊन वर आले. पेटीला भोकं होती. ते थेट स्वयंपाकघरात शिरले, फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून बिअरच्या बाटल्या बाहेर काढल्या, तिथे पेटी सरकवली, आत थर्मामीटर टांगला, बटण फिरवलं आणि दारावर वेड्यावाकड्या अक्षरातला एक कागद चिकटवला. मग पुन्हा बोलले. दुआर्तने चार वेळा 'गेनाउ' म्हटलं. खाली टॅक्सीचा भोंगा वाजला आणि आजोबा गेले.

खोलीतला जोडीदार योर्न शनिवार-रविवारसाठी जर्मनीत कीलला घरी गेला होता, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. भोकं आहेत म्हणजे चीज असणार, असा दुआर्तने अंदाज बांधला. शेजाऱ्याने दिलेली भेट लगेच उघडणं बरं दिसत नाही म्हणून तो थांबला. पण रविवारी दुकानं बंद असतात हे तो पुन्हा एकदा विसरला होता. घरात अर्धा कांदा होता. दुपारी दोन वाजता त्याने सभ्यता बाजूला ठेवून पेटी उघडली.

आत वाळका पाला होता आणि पाल्याखाली एक कासव. बर्फासारखं गार.

दुआर्त जमिनीवर बसला. एक तर हे खायचं असणार, नाहीतर आजोबांच्या डोक्यावर परिणाम झालेला असणार. त्याने भीत भीत एक पाय दाबला. पाय किंचित आत गेला. मग मात्र त्याच्यातला माणूस जागा झाला. कोमट पाण्याचा टब, केस वाळवायचं यंत्र, स्वतःची लोकरीची टोपी, सगळं कामाला लागलं. दोन तासांनी कासवाने एक डोळा उघडला आणि कचेरी बंद व्हायच्या वेळी आलेल्या माणसाकडे कारकून बघतो तसं त्याच्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत कासवाने खिडकीतलं योर्नचं तुळशीसारखं रोपटं बुडख्यापर्यंत खाल्लं होतं. जीव वाचवल्याच्या आनंदात दुआर्तने आईला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान आहे. तू काय जेवलास?"

योर्न आला, त्याने रोपट्याकडे बघितलं, कासवाकडे बघितलं आणि फ्रिजच्या दारावरचा कागद वाचायला घेतला.

"आजोबा बोलतात ते मलाही कळत नाही, आणि मी जर्मन आहे," तो म्हणाला. "पण लिहिलंय स्वच्छ. 'नाव पोल्दी. पाच अंशांवर ठेवणे. मार्चपर्यंत उठवू नये.' खाली तीन रेघा मारल्यात."

"उठवू नये म्हणजे?"

"झोपली होती ती. थंडीभर झोपतात ही. त्यांचा फ्रिज बिघडला, त्यात गुडघ्याच्या उपचारांना तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जायचं होतं. म्हणून आपला फ्रिज मागितला, आणि तू दिलास."

"मी?"

"आभार मानलेत तुझे. आणि पुढे लिहिलंय, 'आमच्या त्रूडेची आठवण आहे, जपा.' त्रूडे म्हणजे बायको. चार वर्षं झाली जाऊन."

दुआर्तने फ्रिजचं दार उघडलं. "परत ठेवू या का आत?"

योर्नने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी एवढंच विचारलं, "काही खाल्लंय का तिने?" योर्नने रोपट्याचं सांगितलं. भरल्या पोटी झोपवली तर आतलं अन्न कुजून ती दगावेल, आता वसंतापर्यंत जागीच ठेवा, असं म्हणून त्यांनी दिव्यापासून गवतापर्यंत मोठी यादी सांगितली.

पुढच्या रविवारी आजोबांचा फोन आला. फोनवर ते मुद्दाम सावकाश, शाळेतल्या भाषेत बोलले.

"झोपली आहे ना?"

पोल्दी त्या वेळी हीटरला धडका देत होती. कुणी कपाट सरकवतंय असा आवाज येत होता.

"गेनाउ," दुआर्त म्हणाला, आणि हा शब्द त्याला पहिल्यांदाच जड गेला.

"खरं सांगून टाक ना," योर्न म्हणाला.

"गुडघा बरा होऊ दे त्यांचा. मग सांगतो."

पण गुडघा काही बरा होईना. दर रविवारी आजोबा म्हणत, "डॉक्टर म्हणतात, अजून एक आठवडा." इकडे दुआर्त मूर नदीच्या काठी बर्फ उकरून पोल्दीसाठी पानं गोळा करत होता. फिरायला आलेल्या म्हाताऱ्या त्याला हटकत, वनस्पतींची नावं सांगत, उच्चार सुधारत. जर्मनच्या तोंडी परीक्षेत 'तुमच्या छंदाविषयी बोला' असं सांगितल्यावर तो कासवाच्या पचनावर बारा मिनिटं बोलला. परीक्षक बाईंनी त्याला पास केलं, मुख्यतः थांबवण्यासाठी.

जानेवारीच्या अखेरीस, तीन आठवड्यांचे नऊ झाल्यावर, दार वाजलं. दुआर्त पोल्दीला पानं भरवत होता, हातातलं पान तसंच घेऊन उठला. खिशात दीड पानी कबुलीजबाब होता. योर्नने तपासून दिलेला.

दारात कोग्लर आजोबा होते. नवी हॅट, ताजी दाढी. मागे हिरव्या कोटातल्या एक ऐसपैस बाई, हातात केक.

"आजोबा, मला काही सांगायचंय..."

"आधी मला बोलू दे," आजोबा म्हणाले. "गुडघा डिसेंबरातच बरा झाला होता."

"मग?"

"या हेर्मिने. पाण्यातल्या व्यायामाला माझ्या शेजारी असायच्या." आजोबांनी आवाज उतरवला. "आजपासून माझ्याकडेच राहणार आहेत. पण पोल्दी पडली त्रूडेची. तीस वर्षं तिच्याच हातचं खाल्लंय तिने. म्हटलं, ती झोपलीय तोवर यांना घरात घेऊ. मार्चमध्ये उठेल तेव्हा बघू."

दुआर्तने कागद खिशातच दाबला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धडक ऐकू आली.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"योर्न आहे."

"मी इथे आहे," त्याच्या मागून योर्न म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारातून पोल्दी बाहेर आली. बोळ चार मीटरांचा होता, त्यामुळे सगळ्यांना बराच वेळ मिळाला. आजोबांनी हॅट काढली. दुआर्तने कबुलीजबाबाचं पहिलं वाक्य म्हणायला सुरुवात केली, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. पोल्दी आजोबांच्या बुटांकडे ढुंकूनही न बघता पुढे गेली, बाईंच्या बुटांपाशी थांबली आणि तिने मान उंच केली.

आजोबा दुआर्तच्या पाठीमागे सरकले. "पोल्दीला म्हणावं, मी सांगणारच होतो," ते कुजबुजले.

हेर्मिनेबाईंनी केक योर्नकडे दिला, दुआर्तच्या हातातलं पान घेतलं आणि जड अंगाने खाली वाकल्या. पोल्दीने पान बघितलं. बाईंना बघितलं. पुन्हा पान बघितलं. मग तोंड उघडून तिने ते ओढून घेतलं आणि शांतपणे चावायला लागली.

आजोबांनी भिंतीला हात टेकला. "खाल्लं," ते म्हणाले. पान संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग हॅट डोक्यावर ठेवून दुआर्तला म्हणाले, "चल, यांचं सामान टॅक्सीत आहे. जरा हात लाव."

दोन ट्रंका होत्या आणि एक शिलाई मशीन.