गाडी गेली, नोकरी शाबूत!

"मी गाडी विकली. उद्यापासून बसने जाणार!" असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा वाटलं होतं, निदान टाळ्या तरी पडतील!

त्याचं असं झालं. एका सकाळी कुर्ल्याच्या सिग्नलला माझी फियाट अडकली होती. गाडीत मी एकटा, शेजारच्या सीटवर माझा डबा. मागे माणसांनी भरलेली बस, माझ्यापायी खोळंबलेली. पंगतीत चार पाट अडवून बसलेल्या पाहुण्याकडे यजमान बघतो ना, तसा तो ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता! मला खरंच लाज वाटली. एक माणूस हलवायला एवढं लोखंड? एवढा धूर?

"झकास!" माझी बायको नलिनी म्हणाली. "रविवारी नंदाला बघायला मुलुंडची माणसं येतायत. तोपर्यंत तरी थांबायचं होतंस!"

"माझ्या बहिणीला बघायला येतायत, गाडीला नाही!"

पण वाकोल्यातली आमची बिल्डिंग गिरणी कामगारांची. संपानंतर कुणाच्या घरातली वस्तू गेली की लोक एकच अर्थ काढायचे. संध्याकाळी शेजारच्या रत्नप्रभाकाकू बांगड्याचं कालवण घेऊन हजर!

"झिला, नोकरी गेली मां रे?"

"नाही हो काकू, मी आपला बसने..."

"गप रव. आधी जेव!"

तळमजल्यावरच्या धोंडूभाऊंनी तर माझ्यासाठी एका गोदामात रखवालदाराची जागा बघून ठेवली! मी धुराविषयी बोलायला लागलो की ते हळहळून मान हलवत. "धक्का बसलाय बिचाऱ्याला," असं ते नलिनीला माझ्यासमोरच म्हणाले.

रविवारी पाहुणे आले. मुलगा चंदर आणि त्याचे वडील तुळशीदास. पोह्यांबरोबर मी बसची थोरवी वाढायला घेतली.

"मी तर गाडीच विकून टाकली!"

तुळशीदासांचा चमचा हवेतच थांबला. "मग खाली पांढरी गाडी उभी आहे ती? जिन्यात एक गृहस्थ म्हणाले, अनंतरावांची, म्हणजे तुमचीच आहे."

धोंडूभाऊ! माझी अब्रू झाकायला त्यांनी आपल्या मेव्हण्याची गाडी आणून दाराशी लावली होती!

"ती माझी नाही हो..."

"म्हणजे गाडी आहे की नाही?"

मी उत्तर देणार, तोच काकू डोळ्यांना पदर लावून आत घुसल्या. "तेची नोकरी गेली, पण पोरगी गुणाची आसा! तिका नाय म्हणू नकात!"

वाट लागली! चंदर नंदाकडे बघत होता आणि नंदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला मुलगा आवडलाय, हे मला तेव्हा कळलं.

नंदाने चहाचा ट्रे खाली ठेवला. "दादाची नोकरी आहे. गाडी नाही, ती त्याने आपणहून विकली. खालची गाडी शेजाऱ्यांनी आमच्या काळजीपोटी आणलीय. खरं ते एवढंच."

तुळशीदासांनी मोठा श्वास सोडला आणि ते चक्क हसले.

"अहो, तुम्ही गाडीवाले आहात असं कळल्यावर आम्ही नकार द्यायचं ठरवूनच आलो होतो! आमचा चंदर कारखान्यात सायकलने जातो. तुमच्या घरची मुलगी आमच्यात कशी रमणार, हीच धास्ती होती."

"मी रमेन," नंदा पटकन म्हणाली आणि लाजून आत पळाली.

काकू रडता रडता साखर शोधायला लागल्या. धोंडूभाऊ दारातून डोकावत होते. त्यांच्यावर रागवावं म्हटलं, पण जमेना. त्या सिग्नलला मला वाटलं होतं, माणसांत यायचं तर बसमध्ये चढायला हवं. इथे तर अख्खा जिना माझ्या घरात शिरला होता!

पाहुण्यांना बस स्टॉपवर सोडून आलो तो छाती फुगवूनच.

"नंदा, ठरलं! तुझी वरातसुद्धा आपण बसनेच काढू!"

"तू ये रे दादा बसने," ती म्हणाली. "मी टॅक्सीने पुढे जाते!"