पहारेकऱ्याचा कंदील

कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे अंगठ्याएवढ्या पहारेकऱ्याच्या कंदिलात दिवा बसवणं त्याला हातचा मळ वाटलं. तो आणि दादा वीस वर्षं दर रविवारी टेबलावर असल्या चिमुकल्या सैन्यांच्या लढाया खेळत आले होते. पहारेकरी दादाचा. त्याचा कंदील खराखुरा पेटावा ही दादाची जुनी हौस. "लावू कधीतरी" म्हणत यानं ती लांबवली होती. आता डॉक्टरांनी दादाला आठवड्याची मुदत दिली, आणि 'कधीतरी' संपलं.

केसाएवढी तार आतून न्यायला त्यानं दात कोरायच्या यंत्रानं पहारेकऱ्याच्या पायातून भोक पाडलं. ते पोटातून बाहेर आलं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून कवळीच्या गुलाबी हिरडीनं बुजवलं. पहिला दिवा तारेला सोल्डरचा डाग देतानाच जळाला. दुसरा लागला. बॅटरी पायाखाली सुपरग्लूनं चिकटवत असताना वहिनींचा फोन आला, असाल तसे या. तो दचकला आणि पहारेकरी अंगठ्याला चिकटला तो चिकटलाच. मग तो खरोखरच होता तसा गेला.

दवाखान्यात दादाच्या खोलीत सगळे माना खाली घालून उभे होते. यानं हात पायजम्याच्या खिशात घातला. पातळ खिसा उजळला. वहिनींचे भाऊ कानाशी येऊन म्हणाले, माणूस जातोय आणि तुम्ही मोबाइलवर शूटिंग करताय? शेवटी हात बाहेर काढावा लागला.

दादानं डोळे किलकिले केले. अंगठ्यावरचा पहारेकरी निरखला.

"याच्या पोटाला काय झालं?"

"हिरडी आहे, दादा."

दादाला हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, उशाचं यंत्र कोकलू लागलं आणि नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर सगळे त्याच्यापासून लांब जाऊन उभे राहिले. दादाला आपणच मारलं, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळानं नर्स कोमट साबणपाण्याचं भांडं घेऊन आली.

"पेशंटनी निरोप दिलाय. सोडवताना पहारेकऱ्याचा हात मोडायचा नाही. तुमची कातडी गेली तर चालेल."

कातडी गेली. पहारेकरी दादाच्या उशाशी उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला. नर्सनं एकेक करून सगळी यंत्रं बंद केली. मग पहारेकरी उचलून, उलटासुलटा करून तिनं याला हळूच विचारलं, ह्याचं बटण कुठं आहे?

बटण बसवायचं राहूनच गेलं होतं.