न्यूकॅसलचा कोळसा आणि पर्याय क

अर्थ समजून घेण्यात अभ्यासाचा फार वेळ वाया जातो, हे लातुरात आता सर्वमान्य झाले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतले इंग्रजी वाक्प्रचार खुद्द इंग्लंडात कोणी फारसे बोलत नाही, त्यामुळे त्यांची जोपासना करण्याची जबाबदारी साहजिकच मृत्युंजय सरांच्या क्लासवर आली. (परीक्षेत त्यांना दोन गुण असतात.)

सर एकोणीस दिवसांत अकराशे चाळीस वाक्प्रचार उरकतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. वाक्प्रचारात प्राणी दिसला की पर्याय ब, गावाचे नाव दिसले की क, दोन्ही नसतील तर सर्वांत लांब पर्याय. एवढ्यावर पोरे डोळे मिटून गोळे काळे करतात.

किल्लारीच्या सुकन्याला मात्र एक वाईट खोड होती. ती वाचायची. गावच्या वाचनालयातून तिने एक जुनी इंग्रजी कादंबरी आणली होती, जिच्यावर शेवटचा शिक्का १९८७ चा होता. तीत एक व्यापारी न्यूकॅसल या खाणींच्या गावात कोळसा विकायला नेतो आणि सगळा बाजार त्याला हसतो. सुकन्याही हसली. म्हणजे लातूरला तूरडाळ नेण्यासारखंच की, असे तिने वहीत लिहिले. डिक्शनरी न उघडता कळलेले ते तिचे पहिले इंग्रजी पान होते.

नेमका 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' हाच वाक्प्रचार चाचणीत आला. तिने ड लिहिले, 'जिथे मुबलक आहे तिथेच तेच नेणे'. सरांच्या उत्तरतालिकेत क होते, 'परदेशी व्यापार वाढवणे'. एका गुणाने ती एकतिसावी आली. अ बॅचमध्ये तीसच जण राहतात, आणि नाव खाली आले तर सामान बांधून गावाकडे, मग निलंग्याचे स्थळ, असे घरी ठरलेले होते.

वडील दयानंद तिला घेऊन सरांपुढे बसले. सुकन्याने कादंबरीचे पान उघडून दाखवले.

"अर्थ तुझा बरोबर हाय पोरी," सर मायेने म्हणाले. "उत्तर चुकलंय."

"म्हंजी पोरगी बरोबर हाय का चूक?" दयानंदांनी विचारले.

"अर्थानं बरोबर, निकालानं चूक."

"मग निकालानं बरोबर याया काय करावं लागतंय, सर?"

सरांनी छापील हमीपत्र पुढे केले: 'मी यापुढे प्रश्न पूर्ण वाचणार नाही.' (खाली पालकांची सही.) सुकन्याला रडू आले. गुण गेला म्हणून नव्हे, तर वडिलांनी त्या पानाकडे एकदाही पाहिले नाही म्हणून. तिने सही केली.

कादंबरीची बासष्ट पाने राहिली होती. ती तशीच परत गेली. पुढच्या चाचणीत सुकन्या पहिली आली आणि चौकात तिचा फ्लेक्स लागला.

त्याच फ्लेक्सखाली परवा तुम्ही गाडी थांबवलीत. समोरून जाणाऱ्या मुलीला तुम्ही ॲडमिशन कुठे घेतात ते विचारलेत. ती सुकन्याच होती. तुमच्या लेकीच्या हातात गोष्टीचे पुस्तक होते, त्याकडे सुकन्या जरा वेळ बघत राहिली. मग तुम्हाला घाई आहे हे पाहून तिने क्लासचा जिना दाखवला.