उजवा पट्टा आधी का जातो?

कुठलीही वस्तू दाखवा, ती कुठे मोडणार हे मी सांगतो! हा गर्व नव्हे, पोटापाण्याचा धंदा आहे. गोदामातला माल तपासायचं काम करतो मी. लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासरेबुवांच्या कपाटाकडे बघून म्हणालो होतो, "हे वरचं बिजागर निखळणार." निखळलं! तेव्हापासून मी घरात शिरलो की सासरेबुवा नव्या वस्तूंवर चादर टाकतात.

म्हणूनच बायकोच्या सॅकचा पट्टा पुन्हा तुटला तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "आता सॅक मी आणणार! तिचा पट्टा तुटला तर नाव बदलेन!"

"नाव राहू द्या. आधी सॅक बदला," ती म्हणाली.

बायको टाइल्स विकते. दुकानात पंख्याखाली बसून नाही. नमुन्याच्या टाइल्स पाठीवर घेऊन आर्किटेक्टांचे जिने चढते. इतर बायकांच्या पाठीवर लॅपटॉप असतो, हिच्या पाठीवर अख्खं न्हाणीघर! तेव्हा पट्टा तुटण्यात नवल नव्हतं. नवल हे, की दर वेळी उजवाच तुटायचा. डावा मात्र पेन्शनीत निघालेल्या साहेबासारखा गुबगुबीत आणि टवटवीत.

हे का? एकदा प्रश्न डोक्यात शिरला की मला अन्न गोड लागत नाही. मी लोकांच्या पाठी बघत हिंडायला लागलो. पट्टा मधोमध तुटतच नाही हो! तो वरच्या जोडाशी उसवतो. आधी एक टाका सुटतो, मग शेजारचा त्याला बघून सुटतो, सरकारी कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीसारखं. बसथांब्यावर एका गृहस्थाचा जोड जवळून बघायला मी वाकलो, तर तो गर्रकन वळला.

"काय शोधताय?"

"काही नाही. तुमचा उजवा पट्टा जायला आलाय."

त्याने सॅक काढून पोटाशी धरली आणि बस येईपर्यंत माझ्यावरची नजर हलवली नाही. भल्याचा जमानाच राहिला नाही!

शेवटी मी सॅक आणली. दुहेरी शिवण, जोडावर चौकोन, चौकोनात फुली. दुकानदार म्हणाला, "पट्टा तुटला तर मला येऊन सांगा."

"आणि नाही तुटला तर?"

"तर कशाला येताय?" तो म्हणाला. मला माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची मोठी भेट होती. एका नव्या हॉटेलच्या सगळ्या फरशांचं काम. ते मिळालं तर तिला बढती, आणि बढती म्हणजे नमुने वाहायला हाताखाली माणूस. तिच्या पाठीची सुटका त्या भेटीवर टांगली होती! कंपनीने त्यासाठी खास नमुने पाठवले होते, दुसरा संच नव्हता. ते तिने सोफ्याशी ठेवले.

"मी माहितीपत्रकं छापून आणते. ह्यांना हात लावू नका."

"मी कशाला लावू?"

"तुम्ही कशाला लावता हे मला कधी कळलंय का!" म्हणत ती गेली.

मी खरंच हात लावला नाही. मी फक्त सॅक व्यायामाच्या दांडीला टांगली. ही दांडी मी दाराच्या चौकटीत पिळून बसवली होती. घेताना लटकून उंची वाढवायचा बेत होता. आजवर तिच्यावर टॉवेलच वाळले. सॅकमध्ये इस्त्री घातली, साबणाच्या पावडरची थैली घातली. पट्टा हूं की चूं करेना! मग मी खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे कायद्याची जाडजूड पुस्तकं मागायला गेलो. पुस्तकांबरोबर वकीलसाहेबही वर आले. निवृत्त माणूस, कुठे काही घडणार असेल तर त्यांना आधी वास येतो.

"दोन्ही पट्ट्यांवर काय टांगलीत, तपासनीस?" ते म्हणाले. "आरोपी एकच आहे ना? उजवा! त्यालाच उभा करा."

मी सॅक एका पट्ट्यावर टांगली. दोघं आळीपाळीने खाली वाकून टाके बघत होतो. पट्टा शांत.

"हे काही खरं नाही," वकीलसाहेब पुस्तकं काढत म्हणाले. "वहिनी काय पाठीवर दंडसंहिता वाहतात? मूळ पुरावा हजर करा!"

"तिने हात लावू नका म्हटलंय."

"तुम्ही कुठे लावताय? मी लावतो. मला कोणी सांगितलेलं नाही."

ह्याला म्हणतात कायद्याचं ज्ञान! टाइल्स सॅकमध्ये गेल्या. पट्टा ताणला, करकरला आणि थांबला. एक टाका हलला नाही. मला तर मुलगी पहिली आल्यासारखं भरून आलं!

"वहिनी सॅक उचलतात कशी?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"उजव्या खांद्यावर. हिसका देऊन."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अहो, उत्तर घरातच होतं! उजवा का जातो? तर हिसका त्यालाच बसतो म्हणून!

"मग द्या हिसका," वकीलसाहेब म्हणाले.

मी दिला. आणि वाचकहो, पट्टा तुटला नाही! दांडी खाली आली. जगात काय कुठे मोडणार हे सांगणारा मी. पण त्या दांडीला कधी लटकलोच नव्हतो, तर तिची तपासणी होणार कुठून? दांडी माझ्या डोक्यावर आणि सॅक जमिनीवर. आवाज असा झाला, जणू भांड्यांच्या दुकानात हत्ती बसला.

तेवढ्यात दारात चावी फिरली.

बायकोने दांडी बघितली, सॅक बघितली, मला बघितलं.

"वहिनी, मी डोळे मिटले होते," वकीलसाहेब पुस्तकं काखेत मारत म्हणाले. "मला साक्षीला बोलावून उपयोग नाही." आणि निघालेसुद्धा!

"पट्टा शाबूत आहे," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

एकच टाइल वाचली होती. शेवाळी रंगाची, वर पुरळ उठल्यासारखे ठिपके. कंपनीत तिला कोणी विचारत नसे. बायको ती एकटी घेऊन गेली. आर्किटेक्टने विचारलं, "बाकीचे नमुने?"

"मजबुतीच्या चाचणीत गेले," ती म्हणाली. "ही टिकली."

खोटं एक अक्षर नाही! त्याने हॉटेलच्या मागच्या जिन्यासाठी ती टाइल घेतली. बाकी फरशा दुसऱ्या कंपनीला गेल्या, आणि बढतीही हिच्या हातून गेली. पण तिच्या साहेबाने सगळी हकिगत ऐकून तिला चाकांची ट्रॉली दिली. म्हणजे पाठ सुटली की नाही? असं मी एकदा म्हणून बघितलं. पुन्हा म्हणणार नाही.

माझी सॅक खुंटीवर आहे. पट्टे उत्तम. चेन मात्र गेली.

ट्रॉलीला चार चाकं आहेत. त्यातलं कुठलं आधी निखळेल, हे मला नुसतं बघायचं होतं. पण बायको कामावरून आली की ट्रॉली माझ्यापासून सांभाळायला वकीलसाहेबांकडे ठेवते. जबाबदार माणूस म्हणून!

काल संध्याकाळभर खालून गडगड, गडगड आवाज येत होता. मग एकदम थांबला.

डावं पुढचं असणार.