लाडोबाच्या पोटातलं कूळ

लाडोबाच्या पोटात राहणाऱ्या पट्टकृमीने, आपल्याला कूळ लावून मिळावं, असा अर्ज मंडल कार्यालयात केला. लाडोबा हा आमचा कुत्रा. आमच्या गावात जो जीव दुसऱ्याच्या पोटात सलग वर्षभर राहतो त्याला त्या पोटावर कुळाचा हक्क सांगता येतो, आणि एकदा कूळ लागलं की औषध द्यायलासुद्धा कुळाची संमती घ्यावी लागते. अर्ज नियमाला धरून होता.

आम्हाला खरं म्हणजे आधीच कळायला हवं होतं. थंडीपासून लाडोबा बूड जमिनीला घासत अंगणभर सरकत होता. खायचा भरपूर, पण फासळ्या दिसायला लागल्या होत्या आणि केसांची चमक गेली होती. त्याच्या शेपटीखाली आणि तो झोपायचा त्या गोणपाटावर तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी सापडायचं. मी तीस वर्षं विधी महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवला. समोरचा पुरावा पाहून मी असा निष्कर्ष काढला, की माझी पत्नी कुंदा त्याला घालते त्या भाताची शितं चिकटत असावीत. तसं तिला सुनावलंही.

"शीत चालतं का हो?" कुंदा म्हणाली. "हे बघा, चालतंय."

मी चष्मा लावून वाकलो.

"नमस्कार सर," कणी म्हणाली. "मी प्रतिनिधी. साहेब आत आहेत. त्यांना तोंड नाही, म्हणून बोलायचं काम आमच्याकडे."

"तोंड नाही, मग खातात कसे?"

"अंगाने शोषून घेतात. तुमचा कुत्रा जेवतो, साहेब नुसते त्यात पडून असतात. खूप साधी राहणी आहे."

"माझ्या माहेरी असे एक काका होते," कुंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आदेश आला: सुनावणी होईपर्यंत पोटाची स्थिती जैसे थे ठेवावी. मला तो आदेश योग्य वाटला. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढू नये, हे मी जन्मभर शिकवलं. पण त्या आठवड्यात लाडोबाने फिरायला जाताना फाटकापाशीच बसकण मारली आणि माझ्याकडे पाहत राहिला, तेव्हा मी नक्की काय शिकवलं होतं, याबद्दल मला शंका यायला लागली.

"जैसे थे म्हणजे काय?" कुंदाने विचारलं. "त्याने खात राहायचं आणि याने वाळत जायचं?"

"कायद्याच्या दृष्टीने, हो."

"मग कायद्यालाच जंत झालेत."

आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टर मुजावर बाईंकडे नेलं. प्रतिनिधी शेपटीखालून बरोबर आलीच.

"दिवाळीत जंताचं औषध दिलं होतं," मी म्हणालो. "मागच्या कुत्र्याच्या वेळची बाटली होती. गोड, पातळ."

"ते गोल जंतांचं, सर," प्रतिनिधी म्हणाली. "आम्ही चपटे. साहेबांना काही झालं नाही. उलट शेजार गेल्यामुळे जागा मोकळी झाली."

"बरोबर बोलतेय ती," मुजावर बाई म्हणाल्या. "तुम्ही शिकलेली माणसं जुनी बाटली हलवून पाजता आणि निश्चिंत होता. कुत्र्याची शी तपासायची, वजन करायचं, मग कोणत्या जंताला कोणतं औषध आणि किती ते ठरवायचं. आणि पुन्हा कधी द्यायचं तेही मलाच विचारायचं." त्यांनी कपाटातून गोळी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. "आदेश आहे. माझा परवाना जाईल. पण कूळ लागलं, तर ही गोळी याला कधीच देता येणार नाही, हे लक्षात घ्या. याचं पोट मग याचं नाही."

सुनावणीला मंडल अधिकारी खरमाटे स्वतः घरी आले, कारण जागेची पाहणी आवश्यक होती. त्यांनी ओसरीवर खुर्ची मागवली, लाडोबाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "जागा ओलसर आहे. पण वापरात आहे."

डॉक्टर बाई भिंतीशी उभ्या होत्या. प्रतिनिधी वर्तमानपत्रावर ओळीने बसल्या.

"वहिवाट सलग आहे?" खरमाटेंनी विचारलं.

"सलग आहे, रावसाहेब. वर्षभर साहेबांनी पकड सोडलेली नाही."

"मालकांचं काही म्हणणं?"

कुंदा माझ्याकडे पाहत होती. लाडोबा माझ्या पायावर मान टाकून पडला होता. मान हलकी लागत होती. मी उठलो. माझा मुद्दा चुकीचा असण्याची शक्यता मला दिसत होती, पण दुसरा मुद्दा नव्हता.

"रावसाहेब," मी म्हणालो, "या बाया म्हणजे अर्जदाराच्याच अंगाचे तुकडे, रोज गळून पडतात. डोक्यामागून नवं अंग वाढतं. म्हणजे आज आत जे अंग आहे, ते वर्षापूर्वी नव्हतं. जुनं आहे ते फक्त डोकं. तेव्हा अर्जदार तोच आहे की नाही, हे डोकं पाहिल्याशिवाय कसं ठरणार?"

खरमाटेंनी विचार केला. "ओळख पटवावी लागेल, हे खरं. अर्जदाराने समक्ष हजर व्हावं."

प्रतिनिधींनी आपसांत कुजबूज केली. एकजण आत निरोप घेऊन गेली. आम्ही चहा घेतला. मग लाडोबा उठला, कोपऱ्यात गेला, आणि अर्जदार समक्ष हजर झाले.

अंग लांब, पांढरं, फितीसारखं होतं. डोकं मोहरीपेक्षा लहान. कुंदाने ते चिमट्याने धरून बशीत ठेवलं आणि बशी खरमाटेंसमोर सरकवली. खरमाटेंनी भिंगातून पाहिलं. आकडे होते, चोषकं होती. ओळख पटली.

"आपणच ते?"

"साहेब हो म्हणतात," प्रतिनिधी म्हणाली.

"वर्षभर आत होतात?"

"हो म्हणतात."

"आपण इथे आहात," खरमाटे म्हणाले, "तर आत कोण आहे?"

प्रतिनिधी डोक्याकडे वळल्या. डोकं काही बोललं नाही. त्याला तोंड नव्हतं.

"आत कोणी नाही, रावसाहेब."

"म्हणजे ताबा सुटला. वहिवाट खंडित. अर्ज फेटाळला." त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"हा एकटाच होता, याला पुरावा काय?" मुजावर बाई म्हणाल्या आणि आदेश उठल्याबरोबर लाडोबाच्या जबड्यात गोळी सारून त्याचा गळा चोळला. लाडोबाने ती गिळली. मग कुंदाने त्याला वाटीभर भात घातला आणि तो सगळा, वर्षभरात पहिल्यांदा, त्याच्या एकट्याच्या अंगी लागला.

"साहेबांचं एक म्हणणं आहे," उरलेल्या प्रतिनिधींपैकी एकजण म्हणाली. "त्यांचे वारस आहेत. आमच्या अंगातली अंडी गोणपाटात सांडली, ती पिसवांच्या पिल्लांनी खाल्ली. आता वारस पिसवांच्या पोटात आहेत. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, तेव्हा ते रीतसर ताबा घेतील."

"किती सरळ माणसं आहेत," मी म्हणालो.

कुंदाने साहेबांना आणि प्रतिनिधींना वर्तमानपत्रासकट गुंडाळून चुलीत टाकलं, बशी उकळून घेतली आणि हात साबणाने धुतले. संध्याकाळपर्यंत गोणपाट जळलं, चादरी उकळल्या, सतरंजी उन्हात पडली. मुजावर बाईंनी लाडोबाच्या मानेवर पिसवांचं औषध सोडलं आणि बारीक दातांची फणी माझ्या हातात दिली. अंगणातली त्याची घाण रोजच्या रोज उचलायचं काम मी मागून घेतलं. ते मला बरं जमतं.

पुढच्या आठवड्यात दोन पिसवा दाराशी आल्या.

"जागा रिकामी झाली असं कळलं," त्यातली थोरली म्हणाली. "वारस बरोबर आणलेत."

"कुत्र्याला औषध लावलंय," कुंदा म्हणाली. "अंगावर बसलात की मराल. बघा बाई, तुमचं तुम्ही."

पिसवांनी एकमेकींकडे पाहिलं. "मग इथे जवळपास आणखी कुणाकडे कुत्रा आहे का?"

"पलीकडे जोगळेकरांकडे आहे," मी म्हणालो.

त्या आभार मानून निघाल्या. त्यांच्या कुत्र्यालाही औषध लावा, असा मी जोगळेकरांना सकाळीच फोन केला होता.