तिसऱ्यांनी खाल्लेलं कूळ

"तुमचं ते समुद्राचं पाणी फार कामाला आलं हो जावईबापू," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नळाच्या पाण्यात मीठ घालून या बायांना फसवता येत नाही. खरं पाणी मिळालं आणि कशा भराभरा वाळू थुंकायला लागल्या."

लुआन फंग दात घासत होता. तोंडात फेस असल्यामुळे 'कुठलं पाणी' हा प्रश्न त्याला विचारता आला नाही, पण उत्तर त्याला आधीच कळलं होतं. तो ब्रश तोंडात तसाच ठेवून उत्तरेकडच्या गॅलरीत धावला. त्याचा पांढरा कॅन उपडा करून, स्वच्छ धुऊन, वाऱ्यावर वाळत ठेवला होता. शेजारी घमेल्यात शेराच्या शेर तिसऱ्या आपापल्या शिंपल्यांतून माना बाहेर काढून पाण्याच्या पिचकाऱ्या उडवत होत्या. त्यांच्याइतकं समाधानी त्या सकाळी छिंगदाओ शहरात कोणीच नसेल.

त्या कॅनमध्ये पाण्याखेरीज काय होतं हे सासूबाईंना माहीत असण्याचं कारण नव्हतं. डोळ्यांना ते नुसतं पाणीच दिसायचं. पण त्यात एक एकपेशी प्राणी हजारोंनी पोहत होता. अंगावर केसांच्या रांगा, तोंडाभोवती पिसांची कड आणि राहायला उंच पेल्यासारखं कवच. लुआनने आणि त्याचे वरिष्ठ प्राध्यापक मोऊ यांनी वसंतभर बोटीतून उलट्या करत, जाळी ओढत तो गोळा केला होता, आणि सासऱ्यांना मधुमेहात जपलं नसेल इतक्या काळजीने वाढवला होता. काल विद्यापीठातली शीतखोली बंद पडली. हा प्राणी उकाड्यात मरतो, आणि सगळ्यांत गार जागा म्हणजे लुआनच्या घरची गॅलरी. म्हणून सगळाच्या सगळा साठा कॅनमध्ये भरून तो टॅक्सीत मांडीवर घेऊन आला होता.

तिसरी कशी जगते हे लुआनला पक्कं ठाऊक होतं. एका बाजूने पाणी आत ओढायचं, त्यातलं बारीकसारीक सगळं गाळून गिळायचं आणि दुसऱ्या बाजूने पाणी सोडायचं. त्याने घमेल्यातला थेंब काचेवर घेतला आणि जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाणी इतकं निर्मळ होतं की पाठ्यपुस्तकात छापावं.

"आई, तुम्ही विचारायचं तरी," तो कसाबसा म्हणाला.

"पाणी वापरायला विचारायचं?" सासूबाई आल्याचे काप करत होत्या. "आणि तुम्ही दात घासायला गॅलरीत का आलात? लोक बघतात. तोंड धुवा आधी."

गोष्ट नुसत्या पाण्याची असती तर लुआन तोंड धुऊन गप्प बसला असता. पण त्याच दिवशी प्राध्यापक क्वांग तो प्राणी बघायला येणार होते. क्वांग म्हणजे या क्षेत्रातले थोरले. चाळीसएक वर्षांपूर्वी त्यांनी या प्राण्यांची कुळं ठरवून टाकली होती, तीही फक्त कवच बघून. उंच पेलेवाले एका कुळात, बुटके दुसऱ्या, शेपूटवाले तिसऱ्या. मोऊ हे त्यांचेच विद्यार्थी, पण पुढे ते फुटले. मोऊ पेशी राळेत घट्ट करून तिच्या अतिशय पातळ चकत्या काढत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घालत आणि केसांची मुळं कशी रोवली आहेत, कातडीखालच्या बारीक कुप्या कशा गुंडाळल्या आहेत, केंद्रकं किती आहेत ते बघत. त्यांचं म्हणणं, लुआनचा प्राणी राहतो उंच पेल्यात, पण आतून तो त्या घराण्यातला नाहीच. त्याचं कूळच नवं.

"घर बघितलं की माणूस कळतो," क्वांग परिषदांमधून सांगत.

"घर भाड्याचंही असतं," मोऊ मागच्या रांगेतून म्हणत. मग चहाच्या सुट्टीत दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहत.

नव्या कुळावरचा निबंध क्वांग यांच्या शेऱ्यावर अडला होता. फोटो त्यांना चालत नव्हते. "चकत्या कोणाच्याही असू शकतात," त्यांनी कळवलं होतं. "मला प्राणी जिवंत, कवचासकट दाखवा, मग बोलू." निबंध अडला म्हणजे लुआनची नोकरी कायम होणं अडलं. त्याची बायको मिन्हुआ रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची नोकरी कायमची होती. हे सासूबाई दर जेवणाला, भात वाढताना, सहज बोलून जायच्या.

लुआनने मोऊंना फोन लावला.

"सर, एक घोळ झालाय."

"वा, छान," मोऊ फार मोकळ्या आवाजात म्हणाले. "आम्ही टॅक्सीतच आहोत. क्वांग सर लवकर पोचले. थेट तुझ्याकडेच येतोय. तयार ठेव."

"सर, प्राणी तिसऱ्यांनी खाल्ले."

"हो हो, सरांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तेही बघ," असं म्हणून मोऊंनी फोन ठेवला.

लुआनने मान खाली घालून विचार केला. गिळलेलं सगळंच काही लगेच पचत नाही. एखादा प्राणी शिंपल्याच्या आतल्या पाण्यात, कल्ल्यांच्या फटीत कुठेतरी अडकला असेल. त्याने घमेल्यातून ओंजळभर तिसऱ्या उचलल्या.

"कुठे नेताय त्या?" सासूबाईंनी कालथा आडवा धरला.

"आई, मला त्या तपासायच्या आहेत. बाकीच्यांनाही हात लावू नका."

"आज पाहुणे येणार म्हणून तुम्हीच सांगितलंत ना काल? मग त्यांच्यापुढे काय ठेवू, तुमचा सूक्ष्मदर्शक?"

तहाची बोलणी झाली. ओंजळ लुआनची, घमेलं सासूबाईंचं. स्वयंपाकघरात तेल तापलं, सुक्या मिरच्या आणि आलं त्यात पडलं आणि ठसका घरभर पसरला. लुआन शिंकत शिंकत सुरीने एकेक तिसरी उघडून आतलं पाणी काचेवर घेत राहिला. पहिल्यात वाळू. दुसऱ्यात वाळू. त्यानंतरच्या कित्येकांत काहीच नाही. आणि मग एका थेंबात काहीतरी वळवळलं.

केसांच्या रांगा होत्या. जिवंत होता. ऐटीत पोहत होता. कवच मात्र नव्हतं. पण घाबरला की हा प्राणी कवच सोडून पळतो, हे लुआनने स्वतः अनेकदा पाहिलं होतं, आणि तिसरीच्या पोटात जाण्याइतकं घाबरण्याजोगं दुसरं काय असणार? मनाच्या कोपऱ्यात एक आवाज म्हणत होता की तोंड नीट बघ, मागचं टोक नीट बघ. लुआनने त्या आवाजाला गप्प बसवलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

क्वांग अंगाने बारीक, पण चालण्यात असा रुबाब की दार आपोआप रुंद व्हावं. मागून मोऊ दोन्ही हातांत बियरने फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या धरून आले. कोपऱ्यावरच्या दुकानातून वजनावर घेतलेली ताजी बियर. गुरूशी वैर असलं तरी रिकाम्या हाताने त्यांच्यापुढे बसणं मोऊंना जमलं नसतं.

"प्राणी कुठे आहे?" क्वांगनी बूट काढता काढता विचारलं.

"आधी बसा, जेवा," सासूबाई म्हणाल्या. "पळून जात नाही तो."

लुआनला खोकल्याची उबळ आली.

तिसऱ्यांचा ढीग टेबलावर आला. क्वांग दक्षिणेकडे राहायला गेल्यापासून म्हणे या चवीला मुकले होते. त्यांनी चष्मा वर सारला, बाही दुमडली आणि चॉपस्टिक्स बाजूला ठेवून हातानेच सुरुवात केली. शिंपला ओठांना लावायचा, आतलं चोखायचं, रिकामा टाकायचा. मोऊ पेल्यांत बियर ओतत होते. लुआन समोर बसून गुरुजींच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना बघत होता. प्रत्येक घोटाबरोबर वसंतातली एकेक बोटफेरी खाली जात होती.

"खा ना तुम्ही," क्वांग त्याला म्हणाले.

"मला ॲलर्जी आहे, सर."

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"सकाळपासून."

शेवटी क्वांगनी हात पुसले, सूक्ष्मदर्शकापुढे बसले आणि डोळा लावला. मोऊ खुर्चीच्या कडेला टेकले होते. लुआनने डोळे मिटून घेतले होते.

"कवच कुठे आहे?" क्वांग म्हणाले.

"टाकलंय त्याने, सर," लुआन म्हणाला. "घाबरून."

"हं." त्यांनी भिंग फिरवलं. "मोऊ, इकडे ये. हा तुझा नवा कूळपुरुष?"

मोऊंनी डोळा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. पण माघार कशी घ्यायची? "दिसतोय तर तसा," ते म्हणाले.

"तसा दिसतोय?" क्वांग खुर्चीतून उठले. आता त्यांना वर्ग घ्यायचा होता. "तुला मी हे शिकवलं? तोंड कुठे आहे बघ. मागच्या टोकाला. समुद्रात मोकळं पोहणाऱ्याचं तोंड पुढे असतं, भोवती पिसांची कड असते. याच्या एका बाजूला केस दाट आहेत, ते कल्ल्याला चिकटून बसायला. रांगा बघ, कशा वळल्यात त्या. हा शिंपल्यात बिऱ्हाड करून राहणारा आहे. तुझ्या कुळाशी याचा सात जन्मांत संबंध नाही. आणि हे सांगायला मला तुझ्या चकत्याबिकत्या लागत नाहीत."

मोऊंनी हळूच खुर्ची ओढली, खाली बसले आणि बियरचा पेला भरला. चेहऱ्यावर असा गोडवा आला की लुआनला काळजी वाटायला लागली.

"म्हणजे सर," मोऊ म्हणाले, "कवच न बघता तुम्ही कूळ सांगितलंत."

"अर्थात."

"केसांच्या रांगांवरून. तोंडाच्या जागेवरून. पेशीच्या रचनेवरून."

"मग आणखी कशावरून सांग—" क्वांग मध्येच थांबले. चाळीस वर्षं ज्या दाराला त्यांनी आतून कडी घातली होती, ते त्यांनीच आत्ता लाथ मारून उघडलं होतं, आणि तेही समोरच्याला मूर्ख ठरवण्याच्या नादात.

"फार छान समजावलंत," मोऊ म्हणाले. "इतकं नीट मलाही कधी मांडता आलं नाही."

क्वांग कानापर्यंत लाल झाले. "ते राहू दे. तुझा प्राणी कुठे आहे? मी इतक्या लांबून शिंपल्यातले भाडेकरू बघायला आलो का?"

लुआनने खरं सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाई त्याच्या आधी बोलल्या. त्या टेबल आवरत होत्या आणि कौतुक ऐकायची वेळ टळून चालली आहे असं त्यांना वाटत होतं.

"वाळू लागली का हो दाताखाली?"

"अं? नाही. मुळीच नाही."

"लागणारच नाही. जावईबापूंच्या कॅनमधल्या पाण्यात ठेवल्या होत्या रात्रभर. सगळं पाणी पिऊन टाकलं मेल्यांनी."

क्वांगनी आधी गॅलरीतल्या पांढऱ्या कॅनकडे पाहिलं, मग लुआनकडे, आणि सर्वांत शेवटी आपल्या ताटलीजवळच्या शिंपल्यांच्या ढिगाकडे. तो ढीग बाकी सगळ्यांच्या ढिगांपेक्षा मोठा होता.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे, सर," लुआन म्हणाला.

क्वांगनी चष्मा खाली घेतला, बाही सरळ केली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि बूट घातले. मोऊ त्यांना टॅक्सीपर्यंत सोडून परत आले, उरलेली बियर संपवली आणि म्हणाले, "लुआन, तू माझं वाटोळं केलंस आणि माझा आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवसही तूच आणलास. आता शिव्या कुठून सुरू करू ते कळत नाही." मग त्यांनी नीट विचार करून सुरुवात केली आणि दुपार त्यात गेली.

दिवेलागणीला ते जायला उठले, तेवढ्यात लुआनचा फोन वाजला.

"क्वांग बोलतोय." आवाज घुमत होता, जणू ते फरशा लावलेल्या लहान खोलीत बसले असावेत. "तुझ्या प्राण्याचं कवच पचत नाही, हे तुला माहीत आहे का?"

"माशांच्या पोटात अख्खं सापडतं, सर. वाचलंय."

"ते माझंच आहे, तू वाचलेलं. तिसरीच्या पोटात पचत नाही, तसं माझ्याही पोटात पचणार नाही. मिरच्या फार होत्या. मला हॉटेलवर सूक्ष्मदर्शक पाठव, गाळणी पाठव आणि झाकणाची बरणी पाठव. कवचाची मापं मी घेणार."

"सर, तुम्ही स्वतः?"

"मग दुसरं कोण? आणि ऐक. पुढच्या आठवड्यात मी तुमच्या बोटीवर येतो. जिवंत पकडू, मग मोऊला काय चिरायचं ते चिरू दे. आतलं त्याचं, बाहेरचं माझं. नव्या कुळाला माझी हरकत नाही. पण निबंधावर पहिलं नाव माझं, हे त्याला सांग." मग घाईघाईने, "थांब, ठेवतो," आणि फोन बंद झाला.

लुआनने शब्दन्‌शब्द सांगितला. मोऊ दारात एका पायात बूट घालून उभे होते. पहिलं नाव हे त्यांच्या वर्मावरचं बोट होतं. त्यावरून त्यांनी दोन विद्यापीठं सोडली होती. लुआन त्यांचा स्फोट होण्याची वाट बघत राहिला. सासूबाई मात्र तेवढ्यात बरणी पुसून, वर भाताच्या पेजेचा डबा ठेवून, पिशवी बांधूनही मोकळ्या झाल्या.

"नमुना ते स्वतः गोळा करणार म्हणाले?" मोऊंनी विचारलं.

"हो, सर."

"आणि गाळणारही स्वतःच?"

"तसंच म्हणाले."

मोऊंनी दुसरा बूट घातला, नाडी बांधली आणि सरळ उभे राहिले.

"मग पहिलं नाव त्यांचंच असू दे," ते म्हणाले. "ते काम करायला आपल्यापैकी कोणी पुढे येणार नाही."